देवदासाच्या दप्तराची फेरतपासणी

विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास ऐन तारुण्यात लिहून हातावेगळी केलेली, परंतु प्रसिद्ध करण्याला मन घेईना म्हणून पुढे कैक वर्षे बासनात गुंडाळून ठेवलेली एक छोटेखानी कादंबरी शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांनी १९१७ साली अखेर छापू दिली, तेव्हा रंगूनच्या हिशेबी कचेरीतली कारकुनी सोडून नुकत्याच बंगालात परतलेल्या या लेखकाला, आपण केवढे मोठे दप्तर लोकांच्या स्वाधीन करीत आहोत, याची कल्पना असणे शक्य नव्हते. नरेश मित्र यांनी १९२८ मध्ये ‘देवदास’वर मूकपट काढला, १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने तो बंगालीत आणि पाठोपाठ हिंदीत बोलका केला, १९५३ मध्ये तो तेलुगू-तमिळ झाला, १९५५ मध्ये मुंबईत बिमल रॉय यांनी, १९७९ मध्ये पुन्हा बंगालीत दिलीप रॉय यांनी, १९८२ मध्ये बांगलादेशात चाषी नजरुल इस्लाम यांनी, २००२ मध्ये संजय लीला भन्साळी यांनी, २००९ मध्ये अनुराग कश्यप यांनी आणि २०१८ मध्ये सुधीर मिश्रा यांनी त्याला आपापल्या परीने हात घातला, आणि ही यादी पूर्ण नाही. प्रेमभंग होऊन दाढी वाढवलेल्या कोणाही तरुणाचा ‘देवदास झाला’ असे आपल्याकडे ज्या सहजतेने म्हटले जाते, ती सहजता कादंबरीने नव्हे, या चित्रपटांनी मिळवून दिलेली आहे.

प्रणयकथेची पुनर्निर्मिती म्हटली, म्हणजे जुन्या गाण्यांच्या जागी नवी गाणी, जुन्या मुखवट्यांच्या जागी नवे मुखवटे आणि कृष्णधवलाच्या जागी रंग, एवढाच फरक सामान्यतः आपल्या नजरेस पडतो. परंतु देवदासाच्या या आवृत्त्या लागोपाठ पाहू लागले, म्हणजे हळूहळू ध्यानात येते, की प्रत्येक पिढीने दप्तर उघडले ते एकाच प्रश्नाच्या फेरतपासणीसाठी: पारो आणि देवदास यांच्या वाताहतीला जबाबदार कोण? कथानकाचा सांगाडा बहुधा तोच राहतो, साक्षीदारही तेच राहतात. बदलतो तो आरोपी. आणि तो का बदलला हे पाहू गेले, तर देवदासापेक्षा त्या त्या काळच्या प्रेक्षकाचीच जबानी आपल्या हाती लागते.

मूळ कागद काय सांगतात ते आधी पाहिले पाहिजे. तालसोनापूरच्या मुखर्जी जमीनदारांचा धाकटा मुलगा देवदास आणि शेजारच्या चक्रवर्तींची पार्वती, म्हणजेच पारो, ही शाळासोबती. शाळेतून पळून बांबूच्या बेटात लपून हुक्का ओढणाऱ्या देवदासाकडे ही मुलगी पदरात कुरमुरे बांधून घेऊन जाते. त्याने तिच्याजवळ ठेवायला दिलेले तीन रुपये ती रस्त्यात भेटलेल्या तीन वैष्णवींना गाण्याबद्दल देऊन टाकते. हा बालपणाचा भाग शरच्चंद्रांनी इतक्या मायेने लिहिला आहे, की पुढचे सगळे अरिष्ट वाचकाला आपल्याच घरातले वाटावे. पार्वती तेरा वर्षांची होते, तिच्या आजीच्या मनात देवदासाचे स्थळ येते. परंतु चक्रवर्ती हे मुलीबद्दल पैसे घेणाऱ्या, म्हणून हलक्या मानलेल्या कुळातले, त्यातून घर अगदी लगतचे, तेव्हा मुखर्जी नकार देतात आणि दुखावलेला बाप हातीपोत्याच्या एका विधुर, वयस्क जमीनदाराशी मुलीचे लग्न ठरवून मोकळा होतो. यानंतर येते ती रात्र. मध्यरात्र उलटल्यावर पार्वती एकटी, देवडीवरच्या पहारेकऱ्याच्या देखत, मुखर्जींच्या वाड्यात शिरते, जिना चढते आणि देवदासाच्या उशाशी येऊन बसते. जागा झालेल्या देवदासाला प्रथम काय सुचते? तुला येताना कोणी पाहिले तर नाही ना, उद्या लोकांना तोंड कसे दाखवशील, ही चिंता! पार्वती जीव मुठीत धरून आली आहे, आणि तो अब्रूचा हिशेब करीत बसला आहे.

पुढे तो बापाजवळ विषय काढतो, नकार ऐकतो, कलकत्त्याला निघून जातो, तेथून एक कोरडे पत्र धाडतो, पत्र पेटीत पडताच पस्तावतो, परत येतो, तळ्याच्या घाटावर तिला गाठतो; आणि आता तिने मान ताठ ठेवून उत्तर दिलेले न सोसून हातातल्या गळाच्या काठीने तिच्या कपाळावर कायमचा व्रण करतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या प्रकरणात शरच्चंद्रांनी कोणालाही खलपुरुष केलेले नाही. बाप आपल्या काळाइतका हट्टी आहे, त्याहून अधिक नाही. हातीपोत्याचे भुवन चौधरी हे तर सज्जन, किंबहुना थोडेसे ओशाळलेले गृहस्थ आहेत. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा देवदास उरतो: प्रेम आहे, पण ते वेळेवर ओळखण्याची अक्कल नाही, आणि ओळखल्यावर निभावण्याची छाती नाही. लेखकाने त्याच्यासाठी दयेची याचना अखेरच्या ओळींत केली आहे. निर्दोष सुटकेची मागणी कोठेही केलेली नाही.

मराठी वाचकाला हे बंगाली प्रकरण परके नव्हते, हे येथे ओघाने सांगितले पाहिजे. ज्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढून आजच्या या वार्षिक सोहळ्याचा पायंडा पाडला, त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे खरे आडनाव आजगावकर. बंगाली वाङ्मयाच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे नाव धारण केले होते. पुढे मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांचे साहित्य एवढ्या निष्ठेने मराठीत आणले, की आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला शरदबाबू हे मराठी लेखकच वाटत असावेत. सारांश, देवदास पडद्यावर आला तेव्हा त्याची ओळख करून देण्याची गरज नसलेला मोठा वर्ग पुण्या-मुंबईत होताच.

प्रमथेशचंद्र बरुआ हे आसामातील गौरीपूर संस्थानचे राजकुमार. युरोपात जाऊन त्यांनी प्रकाशयोजनेचे तंत्र आत्मसात केले होते. बंगाली ‘देवदास’मध्ये त्यांनी स्वतः भूमिका केली, हिंदीत ती कुंदनलाल सैगल या, एके काळी टंकलेखन यंत्रे विकत फिरलेल्या, गायकाकडे सोपवली, पार्वती दोन्हींकडे जमुना. बंगाली आवृत्तीची जी प्रत पुढे उपलब्ध झाली ती बांगलादेशात, आणि तीही पुष्कळशी नासलेली. त्यामुळे बरुआंचा अभिनय आज आपल्याला तुकड्यातुकड्यांनीच पाहावा लागतो. रंगभूमीवरचा आवेश टाळून, जवळजवळ सपाट म्हणावे अशा स्वरात बोलणारा हा नायक त्या काळी किती नवा वाटला असेल, याचा अंदाज तेवढ्यावरूनही येतो. परंतु बरुआंचे खरे कर्तृत्व आगगाडीच्या प्रसंगात आहे. अखेरच्या प्रवासात, ग्लानीत असलेला देवदास पारोला हाक मारतो आणि डब्यातल्या बाकावरून खाली कोसळतो. त्याच क्षणी कित्येक कोस दूर, सासरच्या वाड्यात, पारो अडखळून पडते. दोन दृश्ये एकमेकांत गुंफून कार्यकारणाचा धागा न दाखवताच संबंध सिद्ध करणारी ही योजना चित्रपटाच्या भाषेत मोठी मिळकत होती यात शंका नाही. परंतु तिने खटल्याचा निकालही फिरवला. दोन जीव अदृश्य सूत्राने बांधलेले असतील, तर एकाने रात्रीच्या प्रसंगी कच खाल्ली या क्षुल्लक बाबीची चौकशी कोण करणार? बरुआंच्या दरबारात आरोपी ठरले ते प्रारब्ध. देवदास सुटला, नुसता सुटला नाही, पूज्य झाला. सैगलांच्या गळ्यातले कारुण्य असे होते, की त्यापुढे पार्वतीच्या कपाळावरचा व्रण कोणाला आठवू नये. बरुआ १९५१ मध्ये, सैगल त्याच्याही आधी १९४७ मध्ये गेले. दोघांचीही प्रकृती मद्याने पोखरली होती. लोकांनी पडदा आणि आयुष्य यांची सरमिसळ करून टाकली, आणि प्रारब्धाचा पुरावा आणखी बळकट झाला.

या निकालाविरुद्ध पहिली जोरदार तक्रार उठली ती पुण्यात. प्रभात फिल्म कंपनीच्या व्ही. शांताराम, म्हणजेच शांतारामबापू, यांना देवदासी वृत्तीच्या या साथीचा मनस्वी तिटकारा होता. प्रभातने १९३९ मध्ये काढलेला ‘माणूस’, आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘आदमी’, ही या चित्रपटाची पुनर्निर्मिती नव्हे, तरीही माझ्या मते देवदासाच्या सर्व आवृत्त्यांत तिला मानाचे पान दिले पाहिजे, कारण ती उलटतपासणी आहे. गणपत हा जमीनदाराचा मुलगा नाही, पगारावर जगणारा पोलीस शिपाई आहे. मैना ही वेश्या आहे, परंतु कादंबरीतल्या चंद्रमुखी या गणिकेप्रमाणे नायकाच्या शोकाला शोभा आणण्यासाठी ठेवलेली नाही. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी ही माणसे इतकी साधी ठेवली आहेत, की चाळीच्या जिन्यात ती आपल्याला भेटावीत. अनंत काणेकरांच्या संवादांत पाणचट भावविवशता औषधालाही सापडत नाही, आणि त्या काळच्या बोलपटांतल्या गुळगुळीत प्रणयाची टर उडवणारा एक प्रसंगही शांतारामबापूंनी मुद्दाम घातला आहे. मैना खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात जाते, गणपत उद्ध्वस्त होतो, आणि तरीही मरत नाही: तो पुन्हा कामावर रुजू होतो. जमीनदाराच्या मुलाला दारूत बुडून मरण्याची सवड असते, शिपायाला दुसऱ्या दिवशी हजेरी असते, हा मुद्दा कलकत्त्याच्या खटल्यात कोणी मांडलाच नव्हता.

दक्षिणेतील आवृत्तीविषयी थोडक्यात. वेदांतम् राघवय्या यांच्या १९५३ च्या चित्रपटात अक्किनेनी नागेश्वरराव आणि सावित्री यांनी केलेली कामे तेलुगू प्रेक्षकाच्या मनात अशी रुतली, की तिकडे आजही देवदास म्हणजे नागेश्वरराव. जी जागा उत्तरेत सैगल आणि दिलीपकुमार यांना वाटून घ्यावी लागली, ती त्यांनी एकट्याने राखली.

बिमल रॉय यांचा अधिकार निराळाच होता. सैगलांच्या ‘देवदास’च्या छायालेखनात त्यांचा हात होता, म्हणजे जुन्या खटल्यात ते हजर होते. स्वतः पूर्व बंगालातील जमीनदार घराण्यातले, त्या घराण्याची मिळकत हातची जाताना पाहिलेले, न्यू थिएटर्सची पडती पाहून आपला गोतावळा घेऊन मुंबईस आलेले. ‘दो बिघा जमीन’ १९५३ मध्ये काढून त्यांनी जमीनदारीचा हिशेब एकदा चुकता केला होता. त्याच वर्षी पश्चिम बंगालात जमीनदाऱ्या सरकारजमा करण्याचा कायदा झाला. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा होऊन घटस्फोटाची वाट कागदोपत्री खुली झाली. आणि त्याच साली हा ‘देवदास’ आला. नवेंदु घोष यांची पटकथा, राजिंदरसिंग बेदी यांचे संवाद, साहिर यांची गीते, सचिनदेव बर्मन यांचे संगीत, हृषीकेश मुखर्जी यांचे संकलन: एवढा जबरदस्त सरंजाम क्वचितच एका ठिकाणी जमतो. चित्रपट बरुआ आणि सैगल यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे, परंतु ही अर्पणपत्रिका आदरापोटी. निकाल मान्य असल्याची ती कबुली नव्हे.

बिमल रॉय यांनी प्रारब्धाला रजा दिली आणि आरोपीच्या जागी एक व्यवस्था उभी केली. दिलीपकुमारांचा देवदास दुबळा आहे, परंतु तो दुबळेपणा कोणी वाढीस लावला हे वाड्याची उंच दारे, बापाची बैठक, कलकत्त्यातले रिकामे दिवस यांतून दिग्दर्शक दाखवत राहतो. रात्रीच्या त्या प्रसंगात सुचित्रा सेन यांचा चेहरा पाहावा. हिंदीत त्यांचे हे पहिलेच काम, उच्चारांवर बंगालीची छाया आहे; परंतु त्या विनवण्या करीत नाहीत. आपला हक्क सांगायला आलेली मुलगी समोरचा माणूस ओशाळून लहान होत जाताना पाहते, आणि तिच्या डोळ्यांत दुःखाच्याही आधी आश्चर्य उमटते. त्या एका नजरेने सैगलांच्या आवाजाने झाकलेला व्रण पुन्हा उघडा पडला.

दुसरा प्रसंग याहूनही लहान आहे. शहरातला व्यवसाय सोडून दिलेली चंद्रमुखी देवदासाच्या शोधात पायवाटेने चालली आहे. समोरून भोयांच्या खांद्यावरून एक पालखी येते. आत पारो आहे. दोघी एकमेकींकडे पाहतात. ओळख नाही, शब्द नाही. पालखी पुढे जाते, चंद्रमुखी वळून पाहते, वाटेवरची धूळ खाली बसते. कादंबरीत ही भेट नाही. बिमल रॉय यांनी ती स्वतःच्या मुखत्यारीने घातली, आणि मूळ लेखकाने हरकत घेतली नसती असे मला वाटते, कारण दोन स्त्रियांची हानी समान असून तिचा जाब विचारण्याची सोय दोघींनाही नाही, ही गोष्ट कादंबरीच्या पोटातच आहे. या समानतेचा एक चमत्कारिक पडसाद पडद्याबाहेर उमटला. वैजयंतीमाला यांना चंद्रमुखीसाठी सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा आपली भूमिका पारोच्या बरोबरीची आहे असे सांगून त्यांनी ते नाकारले. पारितोषिके नाकारण्याची फॅशन तेव्हा सुरू झालेली नव्हती.

एक गोष्ट या संदर्भात फारशी कोणी बोलत नाही. हा मद्यपी नायक जेथे घडला त्या मुंबई राज्यात तेव्हा कडक दारूबंदी होती. १९४९ च्या कायद्याने, ५० सालापासून, परवान्याशिवाय थेंबही मिळणे गुन्हा होता. मोरारजीभाईंच्या अमलातील प्रेक्षक तिकीट काढून अंधारात बसत आणि दिलीपकुमार प्याल्यामागून प्याला रिता करताना पाहून डोळे पुसत. दारू हे देवदासाचे व्यसन होते की कैफियत, याचा विचार करणाऱ्याने ही परिस्थिती ध्यानात घेतलेली बरी.

यानंतर कित्येक वर्षे हिंदी चित्रपटसृष्टी या कथेभोवती घोटाळत राहिली. गुरुदत्त यांच्या १९५९ च्या ‘कागज के फूल’मधला दिग्दर्शक ‘देवदास’च काढीत असतो, आणि पारोसाठी त्याला रंगरंगोटी नसलेला, साधा चेहरा हवा असतो, तो चेहरा सापडतो आणि दिग्दर्शकाचाच देवदास होतो. सत्तरीच्या दशकात गुलजार यांनी धर्मेंद्र, शर्मिला टागोर आणि हेमामालिनी यांना घेऊन मांडणी केली होती, ती तडीस गेली नाही. शरच्चंद्र १९३८ मध्ये वारले. त्या वेळच्या कायद्यानुसार पन्नास वर्षांची मुदत १९८८ अखेर संपली, आणि तेव्हापासून ही कथा सार्वजनिक गायरान झाली. कोणाचीही परवानगी नको, कोणाला बिदागी नको.

भन्साळींचा ‘देवदास’ २००२ च्या मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला आणि जुलैत देशभर लागला. खर्चाचा आकडा पन्नास कोटींच्या घरात सांगितला गेला, आणि तो पडद्यावर दिसतो. बंगालच्या या जमीनदारवाड्यात मराठी माणसांचा राबता मोठा गमतीचा आहे: वाडा उभारला नितीन चंद्रकांत देसाई यांनी, चंद्रमुखी माधुरी दीक्षित, देवदासाची आई स्मिता जयकर, पारोचा नवरा विजयेंद्र घाटगे, आणि कोठ्यावर येणारा दुष्ट जावई मिलिंद गुणाजी. देसाईंची रंगीत काचांची दालने आणि पाण्याकाठचा कोठा यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते सर्वथैव योग्य होते. अभिरुचीच्या नावाखाली या वैभवाला नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. पंडित बिरजू महाराजांनी बसवलेले माधुरीचे नृत्य पाहताना नाक मुरडायला वेळच मिळत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. भन्साळींनी नुसता आरोपी बदलला नाही, त्यांनी आरोपींची रांग लावली. कपटी वहिनी, अहंकारी आई, लंपट जावई: प्रत्येकाच्या माथी थोडा थोडा दोष. पारोच्या आईला भर समारंभात नाचायला लावून तिचा पाणउतारा करण्याचा प्रसंग नव्याने घातला गेला. त्यामुळे लग्न मोडण्याचे कारण कुळाच्या रिवाजावरून घसरून दोन विहिणींच्या वैरावर आले. देवदास कलकत्त्याऐवजी लंडनहून परततो, आणि पारो दहा वर्षे त्याच्यासाठी दिवा तेवत ठेवते. घाटावरची गळाची काठी जाऊन तिच्या जागी मोत्यांचा हार आला. व्रणसुद्धा दागिन्याने झाला! १९५५ मध्ये जेथे दोघी शब्द न बोलता एकमेकींजवळून गेल्या, तेथे आता दुर्गापूजेच्या निमित्ताने पारो कोठ्यावरची माती मागायला जाते आणि पुढे दोघी एकत्र नाचतात. त्या नृत्याची लोकप्रियता वादातीत आहे. नव्वदीनंतर ज्यांच्या हाती पैसा आला, ज्यांची मुले परदेशी गेली, आणि ज्यांना आपल्या घराण्याचे, लग्नसोहळ्यांचे, परंपरेचे वैभव पडद्यावर पुन्हा पाहायचे होते, त्या प्रेक्षकाला व्यवस्था दोषी ठरवणे परवडणारे नव्हते, कारण ती त्याला नुकतीच परत हवीशी झाली होती. तेव्हा दोष सासरमाहेरच्या बायकांवर टाकणे सोयीचे पडले; दूरचित्रवाणीवरच्या मालिका तोच धडा रोज संध्याकाळी गिरवीत होत्याच.

अनुराग कश्यप यांनी ‘देव डी’मध्ये ही रांग पांगवली. कल्पना अभय देओल यांची, पटकथेत विक्रमादित्य मोटवाने यांचा हात, प्रदेश पंजाब आणि दिल्लीचे पहाडगंज. रात्रीच्या प्रसंगाचे येथे जे झाले आहे ते पाहून जुन्या वळणाच्या प्रेक्षकाला धक्का बसणे स्वाभाविक आहे: पारो सायकलवर गादी बांधून शेतात निघते. परंतु नीट पाहिले तर शरच्चंद्रांची पार्वती हीच. लाज धाब्यावर बसवून पुढाकार घेणारी, आणि त्या पुढाकारामुळेच नायकाला घाबरवून सोडणारी. येथला देव तिला झिडकारतो तो कुळासाठी नव्हे. कोणा नोकराने तिच्या चारित्र्याविषयी फेकलेल्या एका वाक्यावर त्याचा विश्वास बसतो म्हणून. आई नाही, वहिनी नाही, प्रारब्ध नाही. लग्न झालेली पारो एकदा त्याच्या कळकट खोलीवर येते, त्याचे कपडे धुऊन वाळत घालते, पसारा आवरते आणि तो जवळ येऊ पाहतो तेव्हा त्याची लायकी त्याला सुनावून निघून जाते. नव्वद वर्षांनी खटला मूळ आरोपीवर परत आला. आणि गंमत अशी, की आरोप सिद्ध होताच देवदासाला मरण्याचे कारण उरले नाही. चित्रपटाच्या शेवटी तो चंदाबरोबर, म्हणजे येथल्या चंद्रमुखीबरोबर, जिवंत आहे. शांतारामबापूंना हा शेवट रुचला असता. शेताचा प्रसंग रुचला असता की नाही, सांगता येत नाही.

सुधीर मिश्रांनी २०१८ मध्ये देवला राजकारणी घराण्यात नेऊन बसवले. त्याच वर्षी ‘सैराट’ची हिंदी पुनर्निर्मिती ‘धडक’ आली, आणि आपल्या दृष्टीने तो योगायोग अधिक बोलका आहे. नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या चित्रपटात आर्ची आणि परश्या यांचा खून कशामुळे झाला, याविषयी कोणाच्या मनात किंतु राहत नाही. करमाळ्याच्या परिसरातली ती कथा उदयपूरच्या महालांत गेली, तेव्हा जात पुसट झाली, राजकारण ठळक झाले, आणि शेवटातून नायिकाही वाचवण्यात आली. ‘सैराट’ला जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती तोच आरोपपत्रातले मुख्य कलम गळले होते. देवदासाच्या बाबतीत ते गळून शतक उलटले आहे, म्हणून आपल्याला गळालेले दिसत नाही इतकेच. पार्वतीला नकार मिळाला तो तिचे कुळ हलके मानले गेले म्हणून, हे कारण कादंबरीच्या पहिल्या भागात आहे. आणि शेवटच्या पानांवर त्याची दुसरी बाजू आहे.

मुंबईसह निम्मा देश पालथा घातलेला मरणोन्मुख देवदास पांडुआ स्थानकावर उतरून, बैलगाडीतून, हातीपोत्याच्या जमीनदारवाड्यासमोरच्या पिंपळापाशी पोहोचतो आणि सकाळी मरतो. चित्रपटांना येथवरचाच भाग हवासा वाटतो. धावत सुटलेली पारो आणि बंद होणारी दारे, हे दृश्य भन्साळींनी तर अखेरचे म्हणून डोळे दिपतील असे रंगवले आहे. कादंबरीत मात्र त्या पिंपळाखाली पुढे सरकारी काम चालते. पोलीस अंमलदार येतो, डॉक्टर येतो, पंचनामा होतो. खिशात दोन पत्रे निघतात, एक थोरल्या भावाने मुंबईच्या पत्त्यावर धाडलेले, दुसरे काशीहून आईचे. डाव्या हातावर नावाचे इंग्रजी आद्याक्षर गोंदलेले, बोटात निळ्या खड्याची अंगठी. ओळख पटते, नोंद होते. आणि तरीही गावातला एकही माणूस प्रेताला शिवायला धजत नाही. अखेर चांडाळांना बोलावून ते अर्धवट जाळून टाकले जाते. वाड्यातल्या पार्वतीला मेलेल्याचे नाव कळते ते नंतर, सावत्र मुलाच्या तोंडून. भन्साळींच्या तीन तासांच्या चित्रपटात या पानांना जागा मिळाली नाही; तालसोनापूरच्या पारोला ज्या हिशेबाने नाकारले, त्याच हिशेबाने हातीपोत्याने देवदासाला नाकारले, ही बाब तेथे नोंदलीच गेली नाही. कथा गायरानात पडली आहे, हक्कांचे पैसे लागत नाहीत, आणि पुढची आवृत्ती कोणीतरी काढणार हे निश्चित आहे. त्या दिग्दर्शकाने पटकथा लिहायला बसण्यापूर्वी कादंबरी शेवटच्या प्रकरणापासून उलटी वाचावी, एवढी विनंती मराठी प्रेक्षकाच्या वतीने करण्यास हरकत नसावी.